नानांच्या डोक्यातलं कागदावर

"नाना उद्या निवृत्त झाले तरी आपलं यंत्र एक मिनिट थांबणार नाही!" घाईसाहेबांनी मालकीणबाईंना छातीठोकपणे सांगितलं.

घाईसाहेब म्हणजे खोक्यांच्या कारखान्याचे मॅनेजर. हे नाव अर्थात पाठीमागचं! त्यांना खुर्चीत बसलेलं कुणी पाहिलं नव्हतं. दिवसभर येरझाऱ्या, आणि दम लागला की मोठ्या यंत्राला टेकून उभं राहायचं. यंत्राच्या उजव्या अंगाला कमरेच्या उंचीवर एक रुंद पट्टी होती, टेकायला अगदी मापाची.

परवा ते एका चर्चासत्राला गेले आणि झोप घालवून आले. येत्या वर्षात म्हणे जुनी जाणती माणसं भराभर निवृत्त होणार आणि त्यांच्या जागी दिवा घेऊन शोधलं तरी कुणी मिळणार नाही. तेव्हा त्यांच्या डोक्यातलं वेळीच कागदावर उतरवा! घाईसाहेबांनी तिथेच हिशेब मांडला. एकतीस वर्षं यंत्र नानांच्या हातचं, आणि नाना तीन महिन्यांत घरी. नाना रजेवर गेले की ते हमखास अडून बसायचं.

मालकीणबाई म्हणाल्या, "मंगळवारी नानांना सुटी द्या. पाचची गाडी वेळेवर भरली तर दुसरा कारखानाही तुमच्याकडे. नाही भरली तर..."

पुढचं त्यांनी सांगितलं नाही, म्हणून घाईसाहेबांनी ते रात्रभर स्वतःच स्वतःला सांगितलं.

दुसऱ्या दिवशी पॅकिंगची ताई आणि स्टोअरवाला वही घेऊन नानांच्या मागे लागले. घाईसाहेबांनी बजावलंच होतं, "नाना करतील ते सगळं लिहा! खोकले तर खोकला लिहा!"

आठवडाभरात वही भरली. 'आधी तेल. मग डावीकडून दोन थापा. मग कोरडा खोकला. दर अर्ध्या तासाने साहेबांना म्हणतात, साहेब, तुमचा फोन वाजतोय.'

हे मात्र खरं होतं. नाना ओरडायचे, घाईसाहेब केबिनकडे धावायचे आणि फोन गप्प पडलेला असायचा! यापायी त्यांनी दोन फोन बदलले होते.

"यात यंत्राचा काय संबंध? खोडा ही ओळ!" म्हणत त्यांनी स्वतःच ती खोडली.

मंगळवारी आठला यंत्र सुरू झालं. खोकी पटापट पडू लागली. घाईसाहेबांनी समाधानाने तीन येरझाऱ्या घातल्या आणि जरा टेकले. यंत्राने आचका दिला आणि मुकाट झालं.

"वही! वही बघा!" घाईसाहेब उडालेच.

ताईने तेल घातलं, थापा मारल्या, बटण दाबलं. यंत्र सुरू! घाईसाहेबांनी हुश्श करून पाठ टेकवली. यंत्र बंद!

"खोकला राहिला! खोक रे!"

स्टोअरवाला खोकला.

"असा नाही, कोरडा! नानांसारखा!"

दुपारपर्यंत अख्खा कारखाना खोकत होता. यंत्र मात्र सुरू व्हायचं, बंद पडायचं. सव्वातीनला मालकीणबाई येऊन घड्याळाकडे बघत उभ्या राहिल्या. गाडीवाला बाहेर भोंगा वाजवत होता. दुसरा कारखाना राहू दे, हाताशी आहे तोही जाणार, असं घाईसाहेबांना दिसायला लागलं. शेवटी त्यांनी लाज गिळली, नानांना फोन लावला, स्पीकर चालू केला आणि तो ताईच्या हातात कोंबला.

"नाना, सगळं वहीप्रमाणे केलं. तरी अडतंय!"

"साहेब कुठे आहेत?"

"इथेच. यंत्राला टेकून उभे आहेत."

"मग त्यांना सांग, साहेब, तुमचा फोन वाजतोय."

ताईने सांगितलं. घाईसाहेब सवयीने धावले! केबिनच्या दारात पोचल्यावर त्यांना आठवलं, की फोन तर ताईच्या हातात आहे. ताईने बटण दाबलं आणि मागे यंत्र धडधडायला लागलं.

"अहो, ती यंत्र बंद करायची पट्टी आहे!" नाना फोनवरून सांगत होते. "वरची अक्षरं कधीच पुसली गेली."

"मग एवढी वर्षं त्यांना सांगितलं का नाही?" मालकीणबाईंनी विचारलं.

"सांगितलं असतं बाई, पण मग त्यांनी टेकायला दुसरी जागा शोधली असती आणि यंत्र माझ्यावाचून अडलं नसतं!"

पाचला पाच कमी असताना गाडी भरली. मालकीणबाई शब्दाला जागल्या, पण दुसऱ्या कारखान्यात साहेबांच्या आधी एक मजबूत खुर्ची पाठवायला त्यांनी सांगितलं. नानांची जागा ताईला मिळाली.

संध्याकाळी घाईसाहेबांनी वही मागवली, खोडलेली ओळ स्वतःच्या हाताने पहिल्या पानावर, सगळ्यात वर लिहिली आणि सही करायला म्हणून पट्टीशी जरा रेलले.

"साहेब," ताई म्हणाली, "तुमचा फोन वाजतोय."

फोन त्यांच्या हातातच होता. तरी घाईसाहेब निमूटपणे केबिनकडे निघाले.