मुंजाभाऊ, आळशी आणि हमाल

आमच्या पाथरीत लग्न असलं की मंगल कार्यालयात भिंतीला टेकून बसलेली म्हातारी माणसं सारखी माना हलवत असतात. कुणी डावीकडून उजवीकडे, कुणी वर-खाली, कुणी मांडीवर बोटं नाचवतं. बोलत कुणीच नाही. देवगाव फाट्याहून आलेल्या एका पाहुण्याने मला बाजूला घेऊन विचारलं होतं, "इथल्या पाण्यात काई दोष हाय का हो?"

पाण्यात दोष नाही. हे सगळं मुंजाभाऊंमुळे.

मुंजाभाऊ ढवळे आमचे शेजारी. वय पन्नाशीच्या पुढे, स्वतःचं लग्न नाही, दुसऱ्यांच्या लग्नाच्या फिल्म काढणं हा धंदा. कार्यालयात शिरले की नवरा-नवरीकडे ते बघतही नाहीत. आधी भिंतीकडे जातात आणि ओळीने प्रत्येक म्हाताऱ्यापुढे वाकून हळू आवाजात म्हणतात, "हालत ऱ्हावा. थांबू नका." असं सांगतात की माणूस घाबरून हलायला लागतो.

एकदा माझ्या चुलत सासूबाई चिडल्या. "काय रे मुंज्या, मेल्यावर बी हलायला सांगतू का?"

मुंजाभाऊंनी खरोखर विचार केला. "न्हाई मावशी. तवा दुसरा फॉरमॅट लावीन."

मी साखर कारखान्याच्या वजनकाट्यावर लिपिक आहे. आकडा कळल्याशिवाय मला गोष्ट कळत नाही, म्हणून एकदा मी त्यांना नीट समजावून सांगायला लावलं. त्यांच्याकडे सिनेमाचा जुना डिजिटल कॅमेरा आहे. त्यात चित्र साठवायच्या दोन तऱ्हा, म्हणजे फॉरमॅट. एकीचं नाव त्यांनी 'आळशी' ठेवलंय, दुसरीचं 'हमाल'.

"आळशी कसा, तर सेकंदाला पंचवीस चौकटी. त्यातली एक पुरी लिहितो. पुढल्या अकरा चौकटीत म्हणतो, जे हललं तेवढंच लिहा, बाकी वरलंच समजा. अंधार असला की ते बी अंदाजानं. मग बाराव्या चौकटीच्या पुढं परत एक पुरी. आन् हमाल? त्यो समदंच उचलतो. दर चौकट पुरी."

"मग हमालच का नाही वापरत?"

"कार्डाला दम पाह्यजे ना, काटेसाहेब."

त्यांची कार्डं मिसळणाच्या डब्यात असतात. हळद-मोहरीच्या वाट्यांत एकेक कार्ड. सहा वाट्यांत 'तीस'ची कार्डं, म्हणजे सेकंदाला तीस एमबी हमखास लिहिणारी. मधल्या वाटीत 'नव्वद'चं एकच. हमालाला सेकंदाला पन्नास एमबी लागतात, म्हणून तीसचं कार्ड घातलं की थोड्या वेळात कॅमेरा बंद पडतो. नव्वदचं दुसरं कार्ड त्यांनी मागवलं होतं. मुंजाभाऊ कुठलंही नवं कार्ड काठोकाठ भरून बघितल्याशिवाय लग्नात नेत नाहीत. ते चौथ्या मिनिटाला थांबलं. वर नव्वद छापलेलं, आत तीसच होतं.

यंदा माझ्या मुलीचं, श्रद्धाचं लग्न ठरलं. जावई नोकरीला लांब, ती लग्नानंतर लगेच जाणार. तिने एकच मागणं मागितलं. "बाबा, फिल्ममध्ये आजोबा दिसले पाहिजेत. बाकी कसंही होऊ द्या."

माझे वडील, आप्पा, दिवाळीपासून खुर्चीत आहेत. अर्धांगाचा झटका. बोलणं गेलं, हात-पाय गेले. खुर्चीत ठेवलं की ठेवल्यासारखे राहतात. पुढच्या वर्षी ती येईल तेव्हा ते असतील का, हे घरात कुणी बोलत नव्हतं आणि सगळ्यांना माहीत होतं.

मुंजाभाऊ सुपारी घ्यायला आले. आप्पांसमोर उभे राहून बराच वेळ बघत राहिले. माझी बायको म्हणाली, "भाऊजी, यांना तरी हलायला सांगू नका."

"न्हाई वहिनी. आप्पाला हमाल लागंल."

मी पत्रिकेच्या पाठीमागे हिशोब केला. कार्ड एकशे अठ्ठावीस जीबीचं. हमालावर घेतलं तर कार्ड भागिले पन्नास, म्हणजे दोन हजार पाचशे साठ सेकंद. बेचाळीस मिनिटं चाळीस सेकंद. आळशी त्याच्या आठव्या हिश्श्याने लिहितो, म्हणजे त्याच कार्डात पाच तास एकेचाळीस मिनिटं. शिवाय कॅमेरा एक. तो बेचाळीस मिनिटं आप्पांवर लावला तर तेवढं लग्न गेलं. मी सांगून टाकलं, "सगळं आळशीवर घ्या. आप्पा मधूनमधून येतीलच की."

"येतेन की," मुंजाभाऊ म्हणाले. "आन् भिंतीत जातेन."

मला हे बोलणं आवडलं नाही. मी तसं तोंडावर म्हणालो. त्यावर ते मला हाताला धरून शेजारी त्यांच्या घरी घेऊन गेले. भर दुपार होती, पण त्यांनी खिडकीवर घोंगडी टाकली. टीव्हीवर त्यांच्या धाकट्या बहिणीच्या लग्नाची फिल्म लावली. जुनी, कॅमेरा एका जागी ठेवून काढलेली. पुढे माणसांची ये-जा, मागे निळसर भिंत. भिंतीवर डाव्या बाजूला ओल आल्यासारखा एक डाग.

"डागाकडं बघा."

मी बघितलं. डागात डोळे आले. नाक आलं, नथ आली, डोक्यावरचा पदर आला. मग सगळं पुसलं जाऊन भिंत झाली. पुन्हा डोळे आले.

"आली," मुंजाभाऊ म्हणाले. "गेली. आली. गेली."

"कोण?"

"आय."

ती तिथे बसली होती. डोळ्याची पापणीसुद्धा हलवत नव्हती. बारा चौकटींमागे एकदा तिचा चेहरा वर येत होता आणि पुन्हा भिंतीत बुडत होता. मला भीती वाटली की मी आकड्यांकडे जातो. मिनिटाला एकशे पंचवीस वेळा. फिल्म एक तास दहा मिनिटांची. आठ हजार सातशे पन्नास वेळा ती आली होती आणि तितक्याच वेळा गेली होती.

"इतका वेळ इतकं स्थिर कोण बसतं हो?" मी विचारलं.

मुंजाभाऊ पडद्याकडेच बघत होते. "मी म्हणलो होतो तिला. तवा मी फोटोवाला होतो, कॅमेरा नवा आणला होता. म्हणलो, आय, बिलकुल हलू नको, चांगली येशील." मग टीव्ही बंद करत म्हणाले, "कदी न्हाई ते ऐकलं तिनं माजं."

तिचा दुसरा फोटो नव्हता. फोटोवाल्याच्या घरी राहून गेलं होतं.

मी घरी आलो आणि पत्रिकेवरचा हिशोब खोडला. दुसऱ्या दिवशी त्यांना म्हणालो, "तुम्हाला वाटेल ते करा."

लग्न झालं. मंगलाष्टकं, सप्तपदी, पाठवणी, सगळं फिल्ममध्ये आलं. नाही आला तो मानपान. वरपक्षाच्या सात मामांना फेटे बांधले, त्यातला एकही फेटा कुठे नाही. व्याह्यांचा फोन आला. "फेट्याच्या टायमाला तुमचा कॅमेरावाला कुठं उलथला होता हो? आमचे मामा लय नाराज हायत." मी म्हणालो, "आमच्या वडिलांकडे होता."

नव्वदचं कार्ड मुंजाभाऊंनी वेगळं आणून दिलं. नेहमी चहा घेतल्याशिवाय न जाणारा माणूस दारातूनच परतला.

त्यात फक्त आप्पा होते. खुर्ची, शाल, मागे भिंत. भिंत भिंतीच्या जागी आणि आप्पा आप्पांच्या जागी. दाढीचे खुंट मोजता यावेत इतके स्पष्ट. छत्तीस मिनिटं ते तसेच बसलेले. बायको उठून स्वयंपाकघरात गेली. मी बसून राहिलो, कारण पूर्ण बघितल्याशिवाय मला सोडवत नाही.

छत्तीस मिनिटं दहा सेकंदांनी मुंजाभाऊ चौकटीत आले. कॅमेऱ्याकडे एकदा बघून त्यांनी आप्पांच्या शेजारची रिकामी खुर्ची ओढली आणि तीवर बसले. हात मांडीवर, नजर समोर. ते हलले नाहीत. फिल्म काढणाऱ्या माणसाला पडद्यावर मी प्रथमच बघत होतो. साडेसहा मिनिटं दोघं शेजारी-शेजारी नुसते बसले होते. मग कार्ड भरलं.

श्रद्धाला पाठवण्याआधी तो शेवटचा तुकडा कापावा का, असं बायकोने विचारलं. बघू म्हणून मी तो पुन्हा लावला आणि तेव्हा मला शंका आली. ज्या हाताने आप्पांना पेला धरता येत नाही, डॉक्टरांनी ज्याची आशा सोडायला सांगितली, तो डावा हात सुरुवातीला त्यांच्या खुर्चीच्या दांड्यावर होता. मी फिल्म थांबवली आणि पडद्यावर पट्टी लावली. मुंजाभाऊंच्या बाहीपासून बोटं साडेचार सेंटिमीटर लांब. मिनिटभराने चार. तिसऱ्या मिनिटाला अडीच. पाचव्याला एक. सरकताना हात एकदाही दिसत नाही, कितीही डोळे लावून बसलं तरी.

शेवटच्या चौकटीत आप्पांची दोन बोटं मुंजाभाऊंच्या बाहीवर आहेत. मुंजाभाऊ समोर बघतायत. त्यांना कळलेलं नाही.

पट्टी तशीच हातात घेऊन मी शेजारी त्यांना बोलवायला गेलो.