चाळीस चाटू आणि काकीचा माळा

लाकूड ओळखावं तर ते या किशोरनंच! मुंबईत अकरा वर्षं एसीत बसून मी विम्याचे फॉर्म तपासले, पण मन सगळं रानात. म्हणजे मोबाईलवर रानाचे व्हिडिओ बघण्यात. शेवटी नोकरीला रामराम ठोकला, पोलादपूरच्या वरच्या अंगाला आमच्या वाडीत परतलो आणि लाकडी चाटू, पळ्या, उलथणी घडवायला बसलो. शंभर टक्के पर्यावरणपूरक! लेबलंसुद्धा महाडहून छापून आणली, रद्दीपासून केलेल्या जाड कागदावर: 'एकही जिवंत झाड न तोडता. कुणालाही न दुखावता.'

"आधी वस्तू कर, मग लेबलं छाप," आमचे बाबा, मालोजीराव, म्हणाले. त्यांना ब्रँडिंग कळत नाही.

तोवर मी एकूण दोन चाटू केले होते. त्यातला एक वाकडा. तरी पुण्याच्या अंकिता मॅडमना फोटो इतके आवडले, की त्यांनी रविवारच्या प्रदर्शनासाठी चाळीस चाटूंची ऑर्डरच दिली! पण दिवस श्रावणाचे, वाडीतलं लाकूडन् लाकूड पाणी पिऊन टम्म. तेवढ्यात शेजारची ठकूकाकी आठवली. तिच्या माळ्यावर आंब्याचे ओंडके रचलेले मी पाहिले होते. कोरडे ठणठणीत!

काकी लेकीकडे तुडीलला गेली होती. बाबा तापानं अंथरुणाला खिळलेले, त्यांची झोप मोडू नये म्हणून मी अंगणात जाऊन हळू आवाजात फोन लावला.

"काकी, मोठी अडचण आलीय गं. तुझ्या माळ्यावरची लाकडं लागतील. आजच."

पलीकडून नाक ओढल्याचा आवाज.

"घे बाबा, घे. अशा वेळी नाय कशी म्हणू? सगळी घे. कमी पडू देऊ नको."

केवढं ते मन! माझ्या धंद्यासाठी काकी चक्क रडली! मी भारावूनच गेलो.

त्याच दुपारी दीपेशच्या वखारीत नेऊन सगळ्या ओंडक्यांच्या पातळ फळ्या पाडल्या. निम्म्याचा भुसा झाला, तो दीपेशनं कोंबड्यांखाली पसरला. तिकडे सावित्रीला पूर, तुडीलची वाट बंद. तीन दिवस मी तासत होतो, घासत होतो. चाळीस चाटू तयार!

पाणी उतरलं आणि आमच्या अंगणात टेम्पो थांबला. आतून काकी उतरली, तिची लेक रखमा उतरली, मागून सहा बायका आणि भाकऱ्या-पिठल्याची टोपली. सुतकाच्या घरात चूल पेटत नाही, म्हणून.

"भावोजीऽऽ! मला न भेटताच गेलात वो!" काकीनं हंबरडा फोडला.

बाबा ओटीवर चहात बटर बुडवत बसले होते.

"कोण गेला?" त्यांनी घाबरून विचारलं.

काकीचं रडं तोंडातच राहिलं. "तुमी!"

"मी कुठं? मी हितंच हाय. ताप उतरला काल."

सहातल्या दोन बायका मुकाट्यानं परत टेम्पोत जाऊन बसल्या. काकी सावकाश माझ्याकडे वळली.

"मग माझी लाकडं कुणाला लावलीस रे?"

"लावली नाहीत काकी, घडवली!" मी झोकात एक चाटू तिच्या हातात दिला.

"अरे मुडद्या! माझं सरण होतं ते!"

आत माझी बायको, श्रुतिका, त्यातल्याच एका चाटूनं शिरा ढवळत होती. तिनं चाटू विंचवासारखा झटकला, तो थेट ओटीवर आला.

"तुझा काका आखाडात गेला," काकी म्हणाली. आता ती ओरडत नव्हती. "लाकडं सगळी ओली. तीन तास नुसता धूर. शेवटी टायर टाकला रे, टायर! त्या माणसाला टायरावर जाळला. तवाच ठरवलं, मी सुक्यात जानार. पडलेला आंबा फोडून घेतला नि सात वर्सं जपला."

हे अख्ख्या वाडीला माहीत होतं. मातीशी नातं जोडायला आलेल्या मलाच तेवढं नव्हतं. मेल्याहून मेल्यासारखं झालं मला.

"माळा भरून देतो काकी. आईशपथ!"

"देशीलच! माळा भरेस्तोवर मी मरायची नाय नि तू मुंबईला जायचा नाय."

"पिठलं झक्क झालंय गो," मधेच बाबा म्हणाले. "माझ्या नावाचं हाय, मीच खातो."

अंकिता मॅडमना फोन करून खरं ते सांगितलं. "किती ऑथेंटिक!" त्या किंचाळल्या. "काकींचा फोटो लेबलवर टाकता येईल का?" पण आता चाटू होते कुठे? काकीनं चाळीसच्या चाळीस मोजून माळ्यावर चढवले होते.

तेव्हापासून रोज सकाळी मी लाकडं फोडतो. काकी येते, नखानं टोकरते, "ओला हाय" म्हणते आणि चहा पिऊन जाते. काल पहिला सुका ओंडका पास झाला. तो ठेवायला माळ्यावर चढलो, तर समोर चाळीस चाटू, प्रत्येकाला माझं लेबल लटकलेलं: 'कुणालाही न दुखावता.' मला ते बघवेना.

"काकी, निदान ही लेबलं तरी काढून घेऊ का?"

"ऱ्हाऊ दे रे," काकी खालून ओरडली. "कागद जाड हाय. पेटवायला बरा."