सॅम्पल फ्लॅटचं गिऱ्हाईक

उत्तरेश्वर ढगे या माणसाचा जगात कोणावरही विश्वास नव्हता, आणि त्याबद्दल त्याला दरमहा पगार मिळायचा! हिंजवडीच्या एका सॉफ्टवेअर कंपनीत तो टेस्टर होता. दुसऱ्याने लिहिलेल्या प्रोग्रॅममध्ये घोटाळा असणारच असं धरून चालायचं आणि तो सापडेपर्यंत जागचं हलायचं नाही, हे त्याचं काम. सवय इतकी अंगात मुरली होती की दूधवाला 'एकदम ताजं आहे, साहेब' म्हणाला की हा पिशवी उजेडात धरून बघायचा. भाजीवालीने न मागता कोथिंबीर घातली तर जुडी परत काढून हुंगायचा. एकच वस्तू त्याने आयुष्यात कधी तपासली नाही. स्वतःचं पोट!

तर झालं काय, कंपनीत अभिनव नावाचा नवा मॅनेजर आला. वय पंचविशीचं, मनगटावर नाडी मोजणारं घड्याळ आणि तोंडात कायम 'गाइज, फिटनेस इज अ माइंडसेट!' त्याने डिसेंबरात कंपनीची दहा किलोमीटरची दौड जाहीर केली. उत्तरेश्वर कँटीनमध्ये सगळ्यांसमोर बोलून गेला, "दहाच? अरे, आम्ही लातूरकडची माणसं! शाळेला एवढं तर रोज पळत जायचो!" शाळा त्याच्या घरासमोर होती, पण ते जाऊ दे.

घरी ही बातमी सांगितली तेव्हा बायको, म्हणजे राजनंदिनी, भाकरी थापत होती. तिने मान वर केली नाही.

"पळा की. पण पोटाचं काय? साधं एसटीत बसायचं म्हटलं तरी तुम्ही तीनदा आत जाऊन येता."

"ते टेन्शनचं असतं गं. पळण्याने पोट उलट सुधारतं. शास्त्र आहे त्याच्यामागे!"

"असेल बाई. मध्ये कुठे न थांबता परत आलात तर मीच पेढे वाटीन."

झालं! हे वाक्य उत्तरेश्वरला असं झोंबलं की दुसऱ्याच दिवशी तो नवे बूट घालून धायरीच्या रस्त्याला लागला.

सुरुवात झकास झाली. गार वारा, रिकामा रस्ता, मोकळी छाती. डांबरी रस्ता संपून कच्चा लागतो तिथे विजेचा ट्रान्सफॉर्मर आहे. तिथवर पोचला आणि त्याच्या पोटात कोणीतरी खुर्ची सरकवली. तो थबकला. पुन्हा पळाला. आतल्या मंडळींनी टेबलही सरकवलं! कपाळावर घाम आला, आणि तो पळण्याचा नव्हता.

त्याने आजूबाजूला पाहिलं. पेट्रोल पंपाच्या संडासाला कुलूप, किल्ली मॅनेजरकडे, मॅनेजर घरी झोपलेला. हॉटेलचं शटर बंद. चार वर्षांपूर्वी इथे दोन्ही बाजूंना ऊस होता, आणि अडल्यानडल्या माणसाला त्याचा मोठा आधार होता. आता उसाच्या जागी इमारतीच इमारती! देशाची प्रगती त्या घटकेला उत्तरेश्वरला अजिबात आवडली नाही.

आणि तेवढ्यात त्याला फलक दिसला. 'सॅम्पल फ्लॅट तयार! आयटीतल्या मंडळींसाठी सकाळी सहापासून खुला!'

फाटकावर गेनबा वॉचमन शेकत बसला होता.

"फ्लॅट... बघायचाय... लगेच!" उत्तरेश्वर दोन्ही पाय जुळवून म्हणाला.

गेनबा उठून उभाच राहिला. इतकं उतावीळ गिऱ्हाईक त्याने पाहिलं नव्हतं. "या की! ह्यो बघा हॉल. हितं सोफा बसतोय..."

"बाथरूम!"

"दावतो की. आधी किचन..."

"आधी बाथरूम! मी कुठलंही घर बाथरूमपासून बघतो!"

गेनबाने बोट दाखवलं आणि ते बोट खाली यायच्या आत आतून कडी लागली.

काय सांगावं त्या बाथरूमचं! पांढऱ्याशुभ्र फरशा, प्लास्टिकची फुलं, घडी घातलेला टॉवेल, गुलाबाच्या वासाचा हात धुवायचा साबण, आणि नळाला चक्क पाणी! उत्तरेश्वरला आयुष्यात पहिल्यांदाच कशात खोट काढावीशी वाटली नाही. बाहेर आल्यावर गेनबाने फोन नंबर मागितला, तर त्याने सरळ घरचा, खराखुरा नंबर देऊन टाकला. खोटा नंबर रचायला तरी डोकं जागेवर लागतं!

त्याला वाटलं, एक दिवसाची गोष्ट. कसलं काय! रात्री नुसती मुगाची खिचडी खाल्ली, चहा सोडला, लिंबूपाणी पिऊन पाहिलं, पण ट्रान्सफॉर्मर आला की पोटात फर्निचर हललंच. मग रोजचाच रतीब सुरू झाला. आज म्हणे 'सकाळचं ऊन कसं येतं ते बघतो', उद्या 'पाण्याला दाब आहे का बघतो', परवा 'आवाज किती घुमतो ते बघतो'. बघणं कुठलंही असो, ते बाथरूमच्या कडीशी जाऊन संपायचं. वर जित्याची खोड! जाता जाता एकदा तो म्हणाला, "फ्लशची टाकी सावकाश भरते. आणि डाव्या कोपऱ्यात ओल आहे."

ते ऐकून गेनबाच्या मनात पाल चुकचुकली. तो थेट मालकाकडे गेला. मालक म्हणजे आप्पासाहेब. तो ऊस यांचाच होता. तो मोडून ते बिल्डर झाले होते आणि तेव्हापासून झोपेला मुकले होते.

"आप्पासाहेब, त्यो मानूस काय बराबर न्हाई. हॉल बघत न्हाई, किचन बघत न्हाई. आला की बाथरूमात. आतनं कडी! वर वल हाय म्हनतो."

"ओल? ओल दिसली त्याला?" आप्पासाहेबांचा चहा कपातच राहिला. ओल खरीच होती, आणि त्यांनी तिच्यावर कालच प्लास्टिकच्या वेलाची कुंडी ठेवली होती. "हा गिऱ्हाईक नाही गेनबा. दुसऱ्या बिल्डरने पाठवलाय, नाहीतर पेपरवाला आहे. फोटो काढत असणार!"

आता इकडे घरी बघा. उत्तरेश्वर रोज हसतमुखाने परत यायचा आणि बुटांच्या नाड्या सोडत म्हणायचा, "बघ! कुठे थांबलो का? पेढ्यांचं काय झालं?" राजनंदिनी 'आणीन हं' म्हणून आत वळायची. पण जो माणूस रोज सकाळी पेपर घेऊन अर्धा तास आत बसायचा, तो आता आत जातच नव्हता. आणि दुसरं म्हणजे, पळून आलेल्या माणसाला घामाचा वास येतो. ह्याच्या हाताला गुलाबाचा येत होता! तिने दोनदा हुंगून खात्री केली. शेवटी नवरा टेस्टर असला तरी बायको काय कच्ची नव्हती.

शनिवारी दुपारी तो झोपलेला असताना फोन वाजला.

"ढगे साहेबांचं घर ना? मी आप्पासाहेब, फ्लॅटवरून बोलतोय. साहेब रोज सकाळी आमच्याकडे येतात."

"छे! ते पळायला जातात."

"पळतच येतात ताई! घामाघूम होऊन येतात, आत जातात, कडी लावतात, आणि थोड्या वेळाने हसत हसत बाहेर पडतात. म्हटलं, घरच्यांना विचारावं, हे नक्की चाललंय काय?"

राजनंदिनीने रिसीव्हर घट्ट धरला. "आत आणखी कोण असतं?"

"तेच तर आम्हाला कळत नाही!" आप्पासाहेब कळवळून म्हणाले.

तिने रिसीव्हर खाली ठेवला. लग्न झाल्यापासून ती स्वतःच्या घरासाठी मागे लागली होती. दर वेळी ह्याचं एकच, "भाव पडतील", "कागदपत्रांचा काय भरवसा", "पाया बघितलास का?" ज्या माणसाने तिला आजवर एक फ्लॅट दाखवला नाही, तो रोज पहाटे फ्लॅटवर जातो! कोणासाठी? तिने कपाट उघडून चेकबुक तपासलं. एकही पान फाडलेलं नव्हतं. तरी तिने ते पर्समध्ये टाकलं, उद्या ह्याने फाडायला नको म्हणून. तिला रडू येत होतं, आणि त्याहून जास्त राग येत होता.

सोमवारी सकाळी ती त्याच्या आधी उठून बसली.

"आज इतक्या लवकर?" उत्तरेश्वरने डोळे बारीक केले.

"सहज. जाऊन या तुम्ही. सावकाश पळा हं."

सावकाश? बायको सावकाश म्हणते? उत्तरेश्वरला शंका आली, पण त्याच वेळी पोटाने आठवण करून दिली आणि तो निघाला. मागून राजनंदिनीची रिक्षा निघाली.

तो सॅम्पल फ्लॅटमध्ये शिरला, कडी लावली, मोकळा झाला आणि फ्लश ओढून हात धूत होता, तोच बाहेर पावलं वाजली. एक, दोन, तीन माणसं!

"आतच हाय!" गेनबा.

"कॅमेरा असेल तर घेऊनच बाहेर या!" आप्पासाहेब.

"अहो! कोण आहे आत?"

हा तिसरा आवाज ऐकून उत्तरेश्वरच्या हातातला साबण निसटला. त्याने झरोक्याकडे पाहिलं. त्यातून मांजरही गेलं नसतं.

"मी आहे," तो आतून पुटपुटला.

"ते कळलं. आणखी कोण आहे?"

"आणखी कोण असणार गं इथे?"

"दार उघडा!"

दार उघडलं. आप्पासाहेब त्याला ढकलून वेलाच्या कुंडीकडे धावले. राजनंदिनी कंबर कसून आत घुसली, दाराच्या मागे बघितलं, पडदा खसकन ओढला... आणि ओढणी नाकाला लावून तितक्याच वेगाने बाहेर आली. ती भिंतीला टेकून उभी राहिली. तिचे खांदे हलत होते.

"हा काय प्रकार आहे ढगे?" आप्पासाहेब गरजले. "कोणाचा माणूस तू?"

खरं सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण उत्तरेश्वरला अभिनव दिसला, कँटीन दिसलं, आणि 'तीनदा आत जाऊन येता' हे वाक्य जन्मभर ऐकावं लागणार हे दिसलं. त्याने छाती पुढे काढली.

"सरप्राइज होतं ते! नंदिनी, तुला स्वतःचं घर हवं होतं ना? म्हणून मी रोज येऊन बारकाईने तपासत होतो."

राजनंदिनीने ओढणी बाजूला केली. तिचे डोळे भरून आले होते. हसून की कशाने, ते उत्तरेश्वरला कळलं नाही.

"माझ्यासाठी? रोज?"

"रोज!"

"आणि एवढी मोठी गोष्ट पोटात ठेवलीत!" ती म्हणाली आणि तिने पर्स उघडली. "आप्पासाहेब, पाचव्या मजल्यावर पूर्वेचा आहे का हो एखादा?"

आप्पासाहेबांचा चेहरा दिवाळीसारखा उजळला. "ताई, तुमच्यासाठीच ठेवलाय! गेनबा, पळ, खुर्च्या आण!"

"अगं, पण थांब... ती ओल..." उत्तरेश्वर घाबराघुबरा झाला.

"तुम्हीच तपासलंत ना एवढे दिवस? मग आता कसली शंका? करा सही!"

आयुष्यात पहिल्यांदाच उत्तरेश्वर ढग्यांनी एक अक्षर न वाचता सही केली.

परतताना रिक्षात राजनंदिनीने चेकबुक पर्समध्ये नीट ठेवलं. मग तिने त्याचा हात हातात घेतला. "फोन आल्यापासून माझ्या तोंडात घास गेला नव्हता हो. काय काय आलं मनात!" तिने डोळे पुसले, हात हुंगला आणि म्हणाली, "संध्याकाळी इसबगोल आणते."

उत्तरेश्वर रस्त्यावरची दुकानं बघत बसला.

दुसऱ्या दिवशी मात्र तो खुशीत पळाला. आता बहाणे नकोत, चोरी नको! हक्काची इमारत! ट्रान्सफॉर्मर आला, खुर्ची सरकली, टेबल सरकलं, आणि तो फाटकावर धडकला. सॅम्पल फ्लॅटला कुलूप होतं. गेनबा तंबाखू मळत बसला होता.

"गेनबा! उघडा! फ्लॅट... बघायचाय!"

"आता काय बघताय? घेतलाय की तुमी! सॅम्पल गिऱ्हाइकाला दावायचं असतं. तुमी मालक झालात. आप्पासाहेबांची आर्डर हाय."

"अहो, मग माझा तरी उघडा! माझा, पाचव्या मजल्यावरचा!"

गेनबाने तंबाखू तोंडात टाकली आणि वर बोट दाखवलं. दुसऱ्या मजल्याच्या सळयांवर एक कावळा बसला होता. त्याच्या वर नुसतं आभाळ होतं.

"दोन वर्सांनी ताबा हाय, साहेब," गेनबा म्हणाला. "तंवर जरा दमानं घ्या."