द्वारकेच्या मेजावर गुळाचा छापा

कुलस्वामिनीस स्मरून, ऐकिले तैसे नव्हे तर चाखिले तैसे, दिल्लीतील द्वारका सेक्टर बारा येथील रविवारच्या मोहिमेची हकिगत लिहिली आहे. वाचणारांनी अवधान द्यावे.

राजश्री तात्याराव, केंद्र सरकारातील वजनदार मुत्सद्दी, मुक्काम लक्ष्मीबाई नगर. त्यांच्या स्नुषा क्षिप्राबाई रसायनशास्त्रात पारंगत. त्यांणी सासरच्या मंडळींस दुपारच्या पास्त्याचे आणि वाइनचे आमंत्रण धाडिले. तात्यारावांचे उलट फर्मान आले की, पास्त्याची आणि वाइनची जोडी जमली तर ठीक. न जमल्यास इतःपर दर रविवारी लक्ष्मीबाई नगरी येऊन वरणभात जेवावा, तक्रार चालणार नाही. सबब क्षिप्राबाईंचा रविवार आणि स्वयंपाकघराचे राज्य, दोन्ही पणास लागली.

मग मसलत जाहली. टोमॅटोच्या सॉसवर कोरडी, म्हणजे बिनगोड, तांबडी वाइन नेमिली, लसूण-मिरचीच्या पास्त्याचा जाळ शमवावयास गोडसर पांढरी बर्फात राखीव ठेविली, आणि मेजावर पानिपतची चादर अंथरली. ती पाहून तात्यारावांची मुद्रा गंभीर जाहली, परंतु ते बसले. ऐशा समयी सासूबाई सरलाबाई, जरा ढवळून येते म्हणोन, स्वयंपाकघरात शिरल्या.

मग पहिला घास जाहला, आणि पहिला घोट जाहला, आणि तात्यारावांचा चेहरा कच्ची कैरी चावल्यागत आवळला. चिरंजीव धीरज, उभय पक्षांचे मांडलिक, बायकोच्या कानाशी लागून "आता काय, यार?" इतकेच वदले.

वरणभाताचे फर्मान सुटणार, तो क्षिप्राबाईंनी हात वर करून मुदत मागितली. त्यांणी वाइन निराळी चाखिली, ती दुरुस्त. सॉस निराळा चाखिला, तो गोड. आणि मग दोन्ही एकत्र चाखिली, तो वाइन आंबटढाण. गोडापुढे कोरडी वाइन आंबट लागते, हे त्यांस ठाऊक. फितुरी सॉसात आहे हे सिद्ध जाहले, आणि त्यांणी सासूबाईंकडे पाहिले.

"अगं, सुपारीएवढाच गूळ घातला," सरलाबाई म्हणाल्या. "टोमॅटो फार आंबट होते गं."

सुनेची मोहीम आपल्या हाते बुडाली हे ओळखून त्यांचा घास हातीच राहिला.

"राहू दे, आई. गूळ छान लागतोय," क्षिप्राबाई म्हणाल्या. "मी बाटली बदलते."

मग तांबडीस माघारी घेऊन चीझच्या तुकड्यांपाशी छावणी दिली, आणि राखीव पांढरी पुढे काढिली. तात्यारावांनी घोट घेतला, थांबले, पुन्हा घास घेतला, पुन्हा घोट घेतला, आणि ताटली पुढे केली. फर्मान सुटले की, पुढील रविवारही द्वारकेसच, आणि सॉस सरलाबाईंच्या हातचा.

येणेप्रमाणे फत्ते जाहली. क्षिप्राबाईंनी सासूबाईंकडून पुन्हा सुपारीएवढा गूळ मागून वजनकाट्यावर ठेविला, तो नऊ ग्रॅम भरला. वहीत लिहिणार, तो सरलाबाईंनी वर आणखी एक खडा ठेविला. अकरा ग्रॅम. तेच वहीत कायम जाहले.