केळीच्या पानावर प्लेसमेंट

आमच्या कॉलेजात मुलांना नोकऱ्या का लागत नाहीत, हे मी एका दुपारी शोधून काढणार होतो. तसं स्टाफरूममध्ये सांगूनही बसलो होतो.

मी जळगावबाहेरच्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात प्लेसमेंट बघतो. बघतो म्हणजे वाटच बघतो. नुकतीच एका कार्यशाळेत माशाच्या सांगाड्याची आकृती शिकून आलो होतो. माशाच्या डोक्यात दुखणं लिहायचं, एकेका काट्यावर एकेक कारण. मूळ सापडलंच पाहिजे.

मंगळवारच्या बैठकीसाठी हॉलच्या भिंतीवर हा मोठा मासा काढला. संस्थेचे अध्यक्ष रतिलालनाना आत आले आणि दारातच थांबले.

"हाई काय शे?"

"नाना, मासा. कारणं शोधायला."

"श्रावण चालू शे, सर."

मी म्हटलं, नुसती हाडं आहेत. त्याने प्रकरण आणखी बिघडलं. नाना चप्पल घालून परत निघाले. शेवटी मेकॅनिकलचे अभिमन सर म्हणाले, "अहो, मधे दांडा आणि बाजूला शिरा, हे केळीचं पानच की." नाना यावलकडचे, घरची केळी. लगेच विरघळले. बैठक बुधवारी ठरली, पान हिरवं रंगवून.

बुधवारी नरडाण्याच्या एका कारखान्याचे साहेब मुलाखतीला येणार होते. मीच महिनाभर फोन करकरून त्यांना बोलावलं होतं. म्हटलं, दोन्ही उरकू.

त्या मुलाखतीवर ज्योत्स्नाचं सगळं अवलंबून होतं. धरणगावची मुलगी, हुशार. पुण्याची नोकरी घरच्यांनी सोडायला लावली होती. संध्याकाळी घरी येता आलं तर कर नोकरी, असं वडलांचं म्हणणं. नरडाण्याची गाडी धरणगावला थांबते, म्हणून हे एकच दार उघडं होतं. बिचारी सकाळीच इस्त्रीचा ड्रेस घालून आली. तिचं अक्षर सुंदर, म्हणून मी तिच्या हातात ब्रश दिला.

"सर, आज माझी मुलाखत आहे ना?"

"साहेब आले की सोडतो. तोवर शिरा ओढ."

नानांना हॉल भरलेला लागतो. म्हणून मी शिपाई पुनाला बजावलं, "इस्त्रीचे कपडे दिसले की आत आणून बसव. मधे कुणाला उठू द्यायचं नाही." सगळ्यांचे मोबाइल जमा केले, माझाही. शिस्त म्हणजे शिस्त.

बैठक सुरू झाली. इंग्रजीच्या सरिता मॅडम म्हणाल्या, मुलांचं गणित कच्चं. गणितवाले म्हणाले, इंग्रजी कच्चं. अभिमन सरांच्या मते मुलं गाव सोडत नाहीत. हॉस्टेलवाल्यांनी गाव सोडलेल्या मुलांना आवरून दाखवा म्हटलं. ज्योत्स्ना उभी राहून एकेक शीर लिहीत होती. हळूहळू सगळ्या शिरा एकाच ठिकाणी वळल्या: प्लेसमेंट विभाग. म्हणजे मी. दमलो हो मी. पान मीच आणलं होतं, त्यामुळे तक्रारही करता येईना.

जरा सुटका व्हावी म्हणून शेवटच्या रांगेकडे वळलो. तिथे एक गृहस्थ शांत बसले होते. वाटलं, नवीन गेस्ट लेक्चरर असतील.

"सर, तुमचं काय कारण?"

"मी मुलाखत घ्यायला आलोय," ते म्हणाले. "दोन तास झाले. उठलो की हे मला परत बसवतात."

दारात पुना अभिमानाने उभा होता. "सर, इस्त्रीना कपडा व्हतात."

मी पाया पडायचंच काय ते बाकी ठेवलं, पण साहेबांची परतीची पॅसेंजर सुटायला आली होती. ते रिक्षात बसून स्टेशनला गेले. ज्योत्स्नाने ब्रश ठेवला, हिरव्या हातांनी पर्स उचलली आणि निघून गेली. तिने दोन शब्द सुनावले असते तर बरं वाटलं असतं. रात्री मला जेवण गेलं नाही.

दुसऱ्या दिवशी तिचाच फोन.

"सर, झालं. सोमवारपासून."

"अगं, कसं?"

"धरणगावला जायला मला तीच गाडी. साहेब समोरच बसले होते. मुलाखत गाडीतच झाली."

"काय विचारलं त्यांनी?"

"विषयाचं थोडंच, सर. म्हणाले, दोन तास त्या बैठकीत उभी होतीस आणि चिडली नाहीस. आमच्याकडेही अशाच बैठका असतात."

मी खुर्चीत टेकलो. डोळे भरून आले, खोटं कशाला सांगू. तसाच नानांकडे गेलो आणि सगळं सांगितलं.

"म्हंजे पान काढं आन पोरगीले नोकरी लागनी," ते म्हणाले. "आते दर महिनाले काढा."

पुनाला हिरवा रंग आणायला पाठवलंय. येताना इस्त्रीचे कपडे घातलेलं कुणी दिसलं तर हात लावू नकोस, एवढं मात्र सांगितलंय.