तीस माणसांच्या लग्नाची बातमी कुणी फोडली?

बारामती आणि इंदापूर या दोन तालुक्यांत मिळून जेवढी बुद्धी आहे, तिचा मोठा साठा एकाच डोक्यात आहे आणि त्या डोक्याला सध्या टक्कल पडू लागलं आहे. ते डोकं माझं. मी जोतीराम. बारामतीत माझा फोटो स्टुडिओ आहे, पण तो जगाला दाखवण्यापुरता. आतून मी गुप्तहेर आहे. माझ्या कार्डावर एका बाजूला ‘लग्न, बारसं, पासपोर्ट’ आणि दुसऱ्या बाजूला ‘गुप्त तपास’ असं छापलेलं आहे. लोक पहिलीच बाजू वाचतात, त्याला मी काय करणार? आजवर मी अकरा प्रकरणं हाताळली. त्यातली नऊ चपलांची होती आणि दोन चपला सापडल्यासुद्धा. त्या एकाच जोडीतल्या नव्हत्या, हा भाग वेगळा.

माझी बायको सोनम. ती व्हिडिओ काढते, ड्रोन उडवते, बॅटऱ्या चार्ज करते आणि मी खोल विचारात असताना ‘अहो, लेन्सचं झाकण’ म्हणून त्यात खंड पाडते.

तर यंदाच्या फेब्रुवारीतली गोष्ट. कळंबच्या आप्पासाहेबांना एक मुलगी, नाव पूर्वी, पुण्यात नोकरीला. तिला डोंगरातल्या एकांतात, तळ्याकाठी, दोन्हीकडची मिळून तीस माणसं, एवढंच लग्न हवं होतं. आमच्या भागात डोंगर कमी. पुण्याचे लोक ज्याला चढ म्हणतात, त्याला आम्ही डोंगर म्हणतो. पण गावापासून सहा-सात किलोमीटरवर एका टेकडीमागं छोटा तलाव आहे. काठाला बाभळी, पाण्यात बगळे आणि मोबाइलला रेंज नाही. पूर्वीनं तीच जागा पक्की केली.

तिला एवढं लहान लग्न का हवं, ते मला ठाऊक होतं. तिच्या साखरपुड्याचे फोटो मीच काढले होते. माणसं दोन हजार, फोटो तीन हजार आणि त्यात बापलेकीचा एकत्र असा एकही नाही. आप्पासाहेब सगळा वेळ मंडपाच्या दारात हात जोडून “या, या, जेवून जायचं” म्हणत उभे. गावात कुणाकडं कार्य असो, हे हजर. मग ह्यांच्याकडं गाव हजर. अल्बम चाळून पूर्वी मला म्हणाली होती, “काका, लग्नात मला आप्पा माझ्याशेजारी हवेत. दारात नकोत.” म्हणून तिनं बापाकडून शब्द घेतला. तीसच माणसं, गावात कुणाला बोलायचं नाही. आप्पांनी शब्द दिला आणि महिनाभर ते गावात तोंड चुकवत हिंडले.

मुहूर्त दुपारी बारा पस्तीसचा. सगळे पहाटेच तलावावर येऊन सजावटीला लागले होते. अकराच्या सुमारास सोनमनं ड्रोन वर पाठवला आणि स्क्रीनकडं बघत म्हणाली, “अहो, तीसच माणसं ना?”

“तीस.”

“मग पलीकडच्या बांधावर ही ट्रॉली कुणाची?”

मी वाकून पाहिलं. ट्रॉली एक नव्हती, नऊ होत्या. मागं जीपगाड्या, मोटारसायकली, फेटे, नव्या लुगड्यातल्या बायका. अख्खं कळंब निघालं होतं.

“बातमी फुटली!” मी गरजलो. “कुणी जागचं हलायचं नाही!”

“माझा पत्रिकेचा क्लोजअप राहिलाय, मी हलते,” सोनम म्हणाली. आमच्या धंद्यात लग्नाच्या व्हिडिओची सुरुवात पत्रिकेनं होते. त्या क्षुल्लक कामासाठी ती निघून गेली. मी तपास हाती घेतला.

काठावर मला लेंड्या दिसल्या. ताज्या. मी एक उचलून वास घेतला. त्याची गरज नव्हती हे नंतर लक्षात आलं, कारण पन्नास मेंढ्या समोरच चरत होत्या आणि त्यांचा मालक बिरू काठीवर हनुवटी टेकून माझ्याकडंच बघत होता.

“हितं लग्न आहे, हे कुणाला बोललास?” मी विचारलं.

“मेंढरांना.”

“त्यांनी पुढं कुणाला सांगितलं?”

बिरूनं मेंढ्यांकडं पाहिलं, मग माझ्याकडं पाहिलं. “तुमी फोटोवालंच न्हवं?”

प्रश्नाला प्रश्नानं उत्तर. मी वहीत नोंद केली आणि आचाऱ्याकडं वळलो. पानं वाढली की त्याचा फायदा, म्हणजे हेतू उघड होता. पण आचारी आमटीच्या पातेल्याशेजारी डोकं धरून बसला होता. “तीस पानांत चारशे माणसं कशी बशिवू?” तो मलाच विचारू लागला. इतकं चांगलं नाटक येणारा माणूस आमटी कशाला करील? त्याला सोडलं. नवरदेव विराजनं इंटरनेटवर फोटो टाकला असेल, अशी एक शक्यता होती. तो म्हणाला, “काका, पहाटेपासून मोबाइल हातात धरून फिरतोय, एक काडी रेंज आलेली नाही.” त्यालाही सोडलं.

मग माझं लक्ष आप्पासाहेबांच्या गाडीकडं गेलं. मागची बाजू जमिनीला टेकायला आली होती. मी पूर्वीला हाक मारली, सगळ्यांना गोळा केलं आणि डिकी उघडली. आत टॉवेल-टोप्यांचे गठ्ठे आणि नारळाचं पोतं.

“पाहुणे तीस आणि टोप्या दोनशे!” मी म्हणालो. “पूर्वीताई, माणूस एका वेळी किती टोप्या घालतो?”

“आरं, त्या गाडीत कायम आसत्यात,” आप्पा गडबडून म्हणाले. “कुठं आयत्या वक्ताला कार्य निघालं तर असाव्यात म्हणून. स्टेपनी घरी ठिवलीया त्यापायी.”

पूर्वी त्यांच्याकडं बघत राहिली. “आप्पा, तुम्ही शब्द दिला होता.”

“पोरी, मी न्हाय कुणाला बोललो.”

“मग काय गावाला स्वप्न पडलं? मी बाहेर येणार नाही. करा तुमचं कार्य.” आणि ती नवरीसाठी उभारलेल्या तंबूत निघून गेली.

एरवी प्रकरण सुटलं की मला भूक लागते. या वेळी लागली नाही. आप्पा रिकामे हात घेऊन तिथंच उभे होते. तसा चेहरा मी कधी कॅमेऱ्यात धरलेला नाही आणि धरणारही नाही. मला फार वाईट वाटलं. पण पुरावा पुरावा असतो.

एवढ्यात सोनम पूर्वीच्या आजीला, प्रयागबाईंना, हाताला धरून घेऊन आली.

“अहो, पत्रिका मिळेना. मोजक्याच छापल्या होत्या, घरटी एक. म्हणून आजींची मागितली, तर आजी काय म्हणतात ऐका.”

“माजी कुठनं आसंल?” प्रयागबाई म्हणाल्या. “ती भैरोबाम्होरं ठिवली की. पैली पत्रिका देवाला आसती.”

“मग देव धरून एकतीस झाले,” मी म्हणालो.

“देवाला कुणी मोजतं व्हय?”

सोनमनं शांतपणे विचारलं, “आजी, देवापुढं ठेवलेल्या पत्रिकेचं पुढं काय होतं?”

“काय व्हायचं? ज्या दिवशी लगीन, त्या दिवशी सकाळची आरती झाली, की गुरव ती स्पीकरवर वाचतो. समद्यांचीच वाचतो. शेवटाला आपल्या मनानं म्हणतो, ‘हेच आग्रहाचं आमंत्रण समजून गावानं यायचं करावं.’” आजींनी डोळे मिटून हात जोडले. “लई ग्वाड वाचतो.”

 आचारी हुंदका देऊन उठला.

तंबूचा पडदा बाजूला झाला. पूर्वीनं सगळं ऐकलं होतं. “आप्पा कुठं आहेत?” तिनं विचारलं.

आप्पा तिथं नव्हतेच. सोनमनं ड्रोन पलीकडं नेला. स्क्रीनवर दिसलं, बांधाच्या तोंडाशी आप्पासाहेब एकटेच दोन्ही हात पसरून उभे आणि त्यांच्यापुढं नऊ ट्रॉल्या. तलाव काही फार मोठा नाही, पाण्यावरून आवाज येत होता. “मंडळी, हितनंच अक्षता टाका. पोरीला शबुद दिलाय. तुमच्या पाया पडतो, फुडं येऊ नगा.” जन्मभर ‘या, या’ म्हटलेला माणूस. ‘येऊ नगा’ म्हणताना त्यांचा आवाज फाटला.

“परत दारातच उभे राहिले,” पूर्वी हळूच म्हणाली. घड्याळात बारा वीस झाले होते.

तिनं शालू वर धरला, भटजींसमोरचा माइक उचलला आणि हाक मारली, “आप्पा, इकडं या!”

“मी आलो तर हे समदं येतील!” पलीकडून आप्पा ओरडले.

“येऊ द्या. पण तुम्ही माझ्याशेजारी थांबायचं. जागचं हलायचं नाही.”

आप्पासाहेब पहिल्या ट्रॉलीत उभे राहून आले. मागोमाग गाव उतरलं, पण पुढं कुणी सरकेना. गावातले वडीलधारे आबाजी काठी रोवून म्हणाले, “आप्पासाब, आदी एक सांगा. देवानं बोलावलं म्हणून आमी आलो. तुमी आमाला टाळलं का न्हाय?”

आप्पांनी मान खाली घातली. याच माणसांत त्यांना उद्यापासून राहायचं होतं. आणि खोटं बोलणं त्यांना जमत नाही, हे मला त्या डिकीपाशीच कळायला हवं होतं.

पूर्वीनं माइक तोंडाशी धरला. “आबाजी, टाळलं मी. मला लग्न लहान हवं होतं. आप्पांनी माझ्या नकळत देवापुढं पत्रिका ठेवली, गाव यावं म्हणून. सकाळपासून मी त्याच्यावरनंच त्यांच्याशी भांडतेय. हवं तर या फोटोवाल्या काकांना विचारा. त्यांनी पुराव्यानिशी सिद्ध केलंय.”

चारशे माणसं माझ्याकडं वळली. प्रयागबाईंनी तोंडावर पदर धरला. आप्पा लेकीकडं बघतच राहिले.

“शंभर टक्के,” मी छाती काढून म्हणालो. “आप्पासाहेबांनीच बोलावलं. माझी खात्री आहे.”

आपला निष्कर्ष साफ चुकीचा आहे हे माहीत असून तो ठामपणे सांगण्याची ही माझी पहिलीच वेळ. एरवी मला ते माहीत नसतं.

“मग हरकत न्हाय,” आबाजी म्हणाले आणि गाव पुढं सरकलं. आचाऱ्यानं डोळे मिटून आमटीत दोन बादल्या पाणी ओतलं. मंगलाष्टकं सुरू झाली.

आप्पासाहेब लेकीच्या उजव्या हाताला उभे होते. नवं माणूस काठावर दिसलं की त्यांचे हात जोडले जात आणि पाऊल आपसूक पुढं निघे. ते पुढं जात नव्हतं, कारण त्यांच्या उपरण्याचं टोक पूर्वीनं मुठीत धरलं होतं. “या, या,” ते जागच्या जागी म्हणत राहिले. त्या दिवशीचे बापलेकीचे एकशे बारा फोटो माझ्याकडं आहेत, आणि एकूण एक फोटोत ते उपरणं ताणलेलं आहे.