दुसऱ्या रकान्यातली घंटा

धुळ्याहून आलेला कागद रूपचंद मास्तरांनी तीनदा वाचला, चष्मा पुसून चौथ्यांदा वाचला आणि मग पाचवीच्या वर्गाकडे अशा काही नजरेने पाहिलं, की सगळ्या वर्गाने उगाचच पाट्या सरळ केल्या. सगळा वर्ग म्हणजे सात जण. सहा मुलगे आणि अमिना.

कागदावर दोन रकाने होते. पहिला, शाळेची प्रगती. दुसरा, मुलांच्या सुरक्षिततेची तजवीज. येत्या गुरुवारी डिप्टीसाहेब तपासणीला येणार आणि दोन्ही रकान्यांत शेरे लिहून नेणार होते. एक जरी रकाना असमाधानकारक निघाला, तर दिवाळीपासून पाचवी बंद. मग मुलांनी जवळच्या मोठ्या शाळेत जायचं. जवळची मोठी शाळा प्रकाशा गावाला. कोसभर वाट, दोन्ही अंगांना माणूस बुडेल एवढी ज्वारी, आणि पुढे तापीचा काठ.

सहा मुलग्यांना यात वाईट काहीच दिसेना. त्या वाटेवर पेरूची बाग होती. अमिनाची मात्र शाळाच सुटणार होती. तिचे अब्बा गफूर पिंजारी एकदा बोलले ते बोलले. "गावमा शाळा शे तवपावत शिक, बेटा. गावबाहेर एकली पोर मी धाडाव नही." हेसुद्धा ते इतक्या मायेने म्हणाले होते, की भांडायची सोय उरली नव्हती. आणि अमिनाला तर श्रावणातच शोध लागला होता, की आपल्याला त्रैराशिक येतं. नुसतं येत नाही, आवडतं. असा शोध लागल्यावर कोण घरी बसेल?

"पहिल्या रकान्याची मला चिंता नाही," मास्तर म्हणाले. "दुसऱ्यात काय लिहू? शाळेला कुंपणाची भिंत आहे म्हणू, तर ती गेल्या महिन्यात पडली. मुलं वेळेवर घरी पोचतात म्हणू, तर आयशा आहेच."

आयशा म्हणजे अमिनाची धाकटी बहीण. वय वर्षं सहा, वर्ग बिगारी, पहिलीच्याही आधीचा. आठच दिवसांपूर्वी ती जवळची वाट म्हणून हिलाल पाटलांच्या ज्वारीत शिरली आणि दुपारपर्यंत बाहेर आली नाही. अर्धं गाव हाका मारत फिरलं. सापडली तेव्हा बाईसाहेब सावलीला बसून टोळ पकडत होत्या. "मी हरपेल नव्हतू," असं तिने सगळ्यांना ठणकावून सांगितलं. "मी बठेल व्हतू."

अमिनाने हात वर केला. "मास्तर, म्हैस ज्वारीमा घुसनी ते कशी सापडस?"

"घंटेच्या आवाजावरून."

"मंग?"

 मास्तरांनी दौत जवळ ओढली.

पोळा होऊन दहा दिवस झाले होते. घरोघरी बैलांच्या घंट्या धुऊनपुसून खुंटीला टांगलेल्या होत्या. दुसऱ्याच दिवशी शाळेतल्या छत्तीसही मुलांच्या गळ्यांत घंट्या आल्या. म्हणजे पस्तिसांच्या. पिंजाऱ्याच्या घरात बैल कुठला? अमिनाने स्वतःपुरती खेमराज शेठच्या घोड्याची जुनी घंटी मिळवली, पण आयशासाठी तिला पाटलांच्या वाड्यावर जावं लागलं. पाटलीण सरलाबाईंनी ओसरीच्या खुंटीवरून एक घंटा काढून दिली. नारळाएवढी.

"हाई भुरीनी शे," त्या म्हणाल्या. "पट्टा तुटी गया. नवा पट्टा येस तवपावत लइ जाय."

भुरी ही पाटलांची म्हैस. गावची साठ गुरं रोज तिच्या मागे चरायला जात. म्हणजे खरं तर तिच्या घंटेच्या मागे. गुराखी रेवजी सगळ्यांच्या शेवटी विडी ओढत चाले आणि पुढचं काम घंटा करी. पोळ्याला पट्टा तुटल्यापासून बिचाऱ्याचा ओरडून घसा बसला होता. त्याची घंटा शाळेत गेली हे कोणी त्याला सांगितलं नाही. आणि शाळा अकराची, गुरं आठलाच नदीकडे गेलेली, त्यामुळे कोणाच्या ध्यानातही आलं नाही.

तजवीज झकास चालली. मास्तर ओट्यावर उभे राहून ज्वारीतून कोण येतंय ते न बघता सांगू लागले. फक्त वर्ग भरला की कान किटायचे. त्यात चौथीच्या मुलांनी उत्तरं घंटीवर सांगायची युक्ती काढली. सात वाजवल्या की सात. मास्तरांना हे कळायला दोन दिवस लागले, कारण दोन दिवस चौथीची एकही बेरीज चुकली नव्हती. मग अमिनाने घरून पिंजलेल्या कापसाची टोपली आणली. वर्गात बसताना प्रत्येकाने घंटीत कापसाचा बोळा कोंबायचा, सुटीत काढायचा. आयशाच्या घंटेला चार बोळे लागले.

"शाळा शे का गादीकारखाना?" गफूरमियांनी टोपली भरता भरता विचारलं. पण भरून दिली.

बुधवारी निरोप आला, की डिप्टीसाहेबांना दुपारी प्रकाशाला पोचायचं आहे, तरी शाळा सकाळी आठला भरवावी. मास्तरांनी आंब्याच्या पानांचं तोरण बांधलं. सकाळी आठला शाळेमागच्या चिंचेखाली दुसरंही कोणी जमतं, हे त्यांच्या डोक्यातच आलं नाही.

साहेब दमणीतून आले. बारीक अंगाचे, पुण्याकडचे, आवाज मऊ. गाडीवानाने बैल सोडून पडक्या भिंतीपाशी मोकळेच चरायला लावले. साहेबांनी पाचवीला त्रैराशिक घातलं. बारा मजूर नऊ दिवसांत विहीर खणतात, तर अठरा मजूर किती दिवसांत? अमिनाने साहेबांचं वाक्य संपायच्या आत सांगितलं, "सहा." तिला पुढचंही विचारलं. तिने तेही सांगितलं.

"ही मुलगी पुढे शिकली पाहिजे," साहेब म्हणाले.

"त्यासाठी वर्ग राहिला पाहिजे, साहेब," मास्तर म्हणाले.

साहेब हसले आणि पहिल्या रकान्यात 'उत्तम' लिहिलं. अमिनाने ते उलट्या बाजूने वाचलं. अर्धी पाचवी वाचली होती.

"आता दुसरा," साहेब म्हणाले.

मास्तर ताठ झाले. "मुलांनो, बोळे काढा."

दहा मुलं ज्वारीत पाठवली. आयशा लहान, म्हणून तिला बांधावरच उभं केलं. साहेब ओट्यावर डोळे मिटून उभे राहिले. ज्वारीत किणकिण झाली. "हा चौथीतला गोवाल," मास्तर म्हणाले. पुन्हा किणकिण. "हा पाटलांचा नातू." साहेब मान डोलावू लागले. तेवढ्यात आयशाला वाटलं आता आपली पाळी. तिने दोन्ही हातांनी घंटा धरली आणि हलवली.

तो आवाज नदीपलीकडे गेला असेल.

"वा," डोळे मिटूनच साहेब म्हणाले. "ही कोण?"

"ही बिगारीतली आयशा, साहेब."

"आणि तिच्या मागे ते धप धप?"

मास्तरांनी वळून पाहिलं. मास्तर शुद्ध बोलत, पण घाबरले की आईच्या बोलीवर येत. "मांगला मन्हा नहीत, साहेब," ते म्हणाले.

चिंचेखालून साठ गुरं निघाली होती. धावत नव्हती. पंधरा दिवसांनी आपला रस्ता सापडल्यासारखी शांतपणे, रांगेने, भुरीला पुढे घालून चालत होती. आयशाने त्यांना पाहिलं. मास्तरांनी शिकवलंच होतं, की भीती वाटली तर सरळ शाळेत यायचं. ती सरळ शाळेत आली. भुरीही आली. दाराशी थांबून तिने तोरण खाल्लं आणि आत शिरून तिसरीच्या जागेवर बसली. उरलेली गुरं अंगणात मावली तेवढी मावली, बाकीची ओट्यावर चढली. त्यांच्यापुढे सरकत सरकत साहेब वर्गात आले आणि हजेरीपट छातीशी धरून टेबलावर बसले.

मागून रेवजी धापा टाकत खिडकीत उगवला. "मास्तर, मन्हा ढोरे शाळामा कसाले बलावात?"

"मी नही बलावात. त्याच चालत उनात."

"मंग हाकला ना."

"कोठून हाकलू? दारमा पाच शेतस."

आयशा जरा हलली की घंटा वाजे आणि घंटा वाजली की भुरी उठू लागे. "मुली, हलू नकोस," साहेब टेबलावरून म्हणाले. आयशा शहाण्यासारखी थोडा वेळ उभी राहिली. मग हळूच म्हणाली, "आपा, माले एकीले जावानं शे."

अमिनाने दुसऱ्या रकान्याकडे पाहिलं. त्यात साहेबांचा शेरा अजून पडला नव्हता. तिने आयशाच्या गळ्यातली घंटा काढून स्वतःच्या गळ्यात घातली, म्हशींच्या पाठींवर हात ठेवत वाट काढली आणि अंगणात जाऊन चालू लागली. घण, घण. भुरी उठली. तिच्यामागे एकेक करून सगळी शाळा रिकामी झाली. म्हणजे गुरांची.

आता थांबता येत नव्हतं. विहिरीवरून, खेमराज शेठच्या दुकानावरून ती पिंजारवाड्यात आली. गफूरमियां दारात कापूस पिंजत होते. त्यांची कमान मध्येच थबकली.

"अमिना, कोठे चालनी?"

"माले थांबता येस नही, अब्बा. मी थांबनू ते ह्या बी तुन्हा कापूसमा थांबतीन."

कापसाचा ढीग दारातच होता. गफूरमियांनी हातानेच 'जा, जा' केलं आणि कमान ठेवून रांगेच्या शेवटी रेवजीबरोबर चालू लागले. गाव मागे पडलं. ज्वारी आली, पेरूची बाग आली, तापीचा काठ आला. समोरून येणारी एक बैलगाडी बाजूच्या शेतात उतरून उभी राहिली. दोन भटकी कुत्री लांबूनच परत फिरली. अब्बा सगळं बघत होते.

काठावर त्यांनी कमरेची जादा तात काढली, कमानीला लावायची, चिवट, आणि घंटा भुरीच्या गळ्यात पक्की बांधली.

"साठ शेतस ना?" त्यांनी विचारलं.

रेवजीने मोजून पाहिलं. पुन्हा मोजलं. "बासठ," तो म्हणाला. "हाई दोन बैल कोना?"

ते साहेबांच्या दमणीचे होते.

बैल परत पोचेपर्यंत ऊन कलणार होतं. साहेबांना तेवढा वेळ नव्हता. ते प्रकाशाला पायी गेले.

चार दिवसांनी कागद आला. मास्तरांनी तो पिंजारवाड्यात आणून वाचून दाखवला. दुसऱ्या रकान्यात सुवाच्य अक्षरात लिहिलं होतं, 'घंटेची तजवीज कल्पक आहे. तथापि तपासणीच्या वेळी वर्गात हजर असलेल्यांपैकी बरेच जण पटावर नव्हते. पाचवी बंद करावी. प्रकाशाची वाट मी स्वतः पायी चालून पाहिली असून ती मुलांस जाण्यायोग्य आहे.'

मास्तरांनी कागदाची घडी घातली. अमिना खाली बघत होती. घंटेची कल्पना तिची, घंटा तिने आणलेली, बोळेसुद्धा तिच्याच घरचे. एवढं नीट त्रैराशिक तिने कधी सोडवलं नव्हतं. उत्तर आलं होतं शून्य.

गफूरमियां कमानीची तात उगाच छेडत बसले. मग म्हणाले, "मास्तर, रेवजी ढोरे कोठलोंग लइ जास?"

"प्रकाशाच्या घाटापर्यंत."

"परत कवय येस?"

"दिवस मावळताना."

"आनि शाळा सुटस पाच वाजता." त्यांनी कमान बाजूला ठेवली. "मी बोलेल व्हतू, एकली पोर धाडाव नही. ते मी आते बी धाडाव नही." मग अमिनाकडे बघून म्हणाले, "पन ती एकली कोठे जाई ऱ्हायनी?"

दिवाळीनंतर रोज सकाळी आठला अमिना चिंचेखाली उभी राहू लागली. पुढे भुरी, मध्ये ती, मागे रेवजी आणि त्याची विडी. गुरं साडेनऊला घाटावर पोचत आणि शाळा अकराला भरे. तो दीड तास ती पायऱ्यांवर बसून त्रैराशिकं सोडवी. सहा मुलगे पेरूच्या बागेतून येत, आणि कधी कधी येतच नसत. माघात परीक्षा झाली तेव्हा प्रकाशाच्या पाचवीत अमिना पहिली आली.

फाल्गुनात तिथे तपासणी झाली. डिप्टीसाहेबांनी पहिल्या रकान्यातलं पहिलं नाव वाचलं आणि ते खूश झाले. मग दुसऱ्या रकान्यासाठी प्रकाशाच्या मास्तरांनी काय लिहून ठेवलंय ते वाचू लागले. 'एक मुलगी परगावाहून येते. सोबतीस जातायेता साठ जण असल्याने काळजीचे कारण नाही.'

साहेबांनी ती ओळ पुन्हा वाचली. लांब घाटाकडून कसलातरी आवाज येत होता. घण, घण.

त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि खिडकीतून गाडीवानाला हाक मारली.

"अरे," ते मऊ आवाजात म्हणाले, "आपले बैल तेवढे बांधून घे."